जपानातल्या पोराचं गाऱ्हाणं

जगात कुठेही, कुठल्याही पडद्यावर कुणाचा जीव धोक्यात आला, की तो वाचवण्याची शेवटची जबाबदारी आपल्यावर आहे, असं माझे मामा प्रामाणिकपणे मानतात. हा माणूस आजवर एकही गोष्ट शांतपणे बसून पाहू शकलेला नाही. भांडुपच्या मैदानात गावाकडची मंडळी दशावतार घेऊन आली होती, तेव्हा राक्षस राजकन्येच्या मागून येतोय हे पाहून मामा पहिल्या रांगेतून उठून ओरडले होते, "गो बाय, पाठी बघ!" राजकन्येचं काम करणाऱ्या मिशी काढलेल्या गृहस्थांनी खरोखरच मागे पाहिलं आणि राक्षसाची पंचाईत झाली. नंतर तो राक्षस रंग पुसून मामांकडे तक्रार करायला आला. मामांनी त्याला चहा पाजला आणि बजावलं, "तू बरो माणूस आसंस, पण असां पाठसून येव नये." क्रिकेटचा सामना रेकॉर्ड केलेला असला, निकाल सगळ्या गल्लीला माहीत असला, तरी शेवटच्या षटकात मामा बाथरूममध्ये जाऊन उभे राहतात. मामी मालिका पाहत असताना त्यांना त्या खोलीत यायला बंदी आहे, कारण त्यांनी एकदा सासूच्या भूमिकेतल्या बाईंना इतकं सुनावलं, की खालच्या मजल्यावरून आवाज न करण्याबद्दल निरोप आला.

हे मामा कोंबड्या विकतात. म्हणजे भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला त्यांचं चिकनचं दुकान आहे, आणि एवढ्या हळव्या माणसाचा हा व्यवसाय कसा, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. आम्हा घरच्यांना तो पडत नसे, कारण आम्ही लहानपणापासून त्यांना तिथेच पाहत आलो. आजोबा कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा घरात कमावण्याजोगा एकच मुलगा होता. कुणीतरी एक गाळा दाखवला, कुणीतरी सुरी दिली, आणि मामा ठोकळ्यामागे उभे राहिले ते आजपर्यंत. मात्र काम करताना ते दुकानातला रेडिओ मोठा लावतात आणि नेमक्या क्षणी छताच्या पंख्याकडे पाहतात. गिऱ्हाइकांना वाटतं, हे हिशेब आठवतायत.

मामांच्या आयुष्यातली अभिमानाची गोष्ट म्हणजे दुकानाची पाटी. त्यांना एकच मुलगी. बरोबरीचे दुकानदार 'आणि सन्स' लिहीत होते तेव्हा मामांनी पेंटरला बोलावून लाल अक्षरांत 'आणि कन्या' लिहून घेतलं. त्या दोन शब्दांनी भांडुपात खळबळ उडाली. महिलादिनाच्या कार्यक्रमात मामांना शाल मिळाली, नारळ मिळाला. एका स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना क्रांतिकारक बाप म्हटलं, दुसऱ्यांनी त्यांच्यात समाजसुधारकांचा वारसा पाहिला, आणि तिसऱ्यांनी भाषण लांबवत नेलं तेव्हा मंडपवाला येऊन दिवे मोजून गेला. मामांनीही चार शब्द सांगितले. "आमच्यात मुलगा-मुलगी भेद नाही. जो हक्क मुलाचा, तोच मुलीचा. माझ्यामागे सुरी तिच्याच हातात!" टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी माईकवर बोलली नाही ती फक्त कन्या. ती दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. ती मला म्हणाली, "दादा, वाट लागली रे माझी."

तिची अडचण खरी होती. वडील जुन्या वळणाचे असते, मुलीला घरात कोंडणारे असते, तर तिला भांडता आलं असतं, सगळं शहर तिच्या बाजूने उभं राहिलं असतं. पण हक्क देणाऱ्या बापाला 'हा हक्क नको' कसं सांगायचं? आणि तिला तो खरोखर नको होता. गल्ल्यावर ती छान बसे, उधारीवाल्यांना हसत परतवून लावी, पण सुरी तिच्याच्याने धरवत नसे. मामांचा नियम असा, की मालकाचा हात आधी ठोकळ्यावर बसला पाहिजे. गेल्या वर्षी त्यांनी तिला पहिली कोंबडी धरायला दिली. तिने डोळे मिटले आणि त्याबरोबर हातही सैल सोडला. कोंबडी उडाली, रस्ता ओलांडून समोरच्या गणिताच्या क्लासमध्ये शिरली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. सरांनी तिला बाहेर काढण्याआधी वर्गाला शिस्तीवर व्याख्यान दिलं म्हणतात. मामा कोंबडी घेऊन परत आले, पण दुकानात न जाता सरळ घरी गेले. "सुटली ती सुटली," एवढंच त्यांनी सांगितलं. ती कोंबडी अजून त्यांच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी राहते आणि मामी तिला दळण निवडताना निघालेले गहू घालते.

कन्येला हवं होतं ते अगदी साधं होतं. बारावीनंतर तिने डोळे तपासण्याचा आणि चष्मे बनवण्याचा कोर्स केला होता. मामांनीच करू दिला, शिक्षण गल्ल्यावर उपयोगी पडतं म्हणून. आता मुलुंडच्या एका चष्म्याच्या दुकानाने तिला गणपतीनंतर कामावर यायला सांगितलं होतं. आणि मामांनी ठरवलं होतं, की गणपतीनंतर, लोकांचे उपास सुटून धंदा पुन्हा जोरात सुरू झाला, की सुरी तिच्या हाती. दोन्ही मुहूर्त एकच. ही गोष्ट तिने मला सांगितली, मामीला सांगितली, पण ज्यांना सांगायची त्यांच्यासमोर गेली की तिला ती शाल दिसे.

तेवढ्यात श्रावण आला. चिकनच्या दुकानाला श्रावणात जी विश्रांती मिळते ती सरकारी कचेरीलाही मिळत नसेल. मामा दुपारीच घरी येऊन बसू लागले. आणि घरी बसलेल्या मामांना समोर दिसलं, की मुलगी टीव्हीवर जपानी कार्टून बघतेय. ते कार्टून नाही, अॅनिमे आहे, असं तिने सांगितलं. मामा म्हणाले, "बरा, पण त्या पोराक कोण मारूक येता?" झालं, मामा गोष्टीत शिरले.

गोष्ट अशी होती. एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पैसे घेऊन माणसं मारण्याचा धंदा. बाप त्या टोळीचा प्रमुख. एकुलत्या मुलाच्या हातात वयात आल्यावर खानदानी सुरी दिली जाते, पण मुलाचा हात उठत नाही. पहिल्याच कामगिरीवर तो ज्याला मारायचं त्याची मोडलेली छत्री दुरुस्त करून देतो आणि पळून जातो. मग एका डोंगराळ गावात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे राहून तो वेगळाच माणूस होऊ लागतो, आणि बापाची माणसं त्याला शोधत हिंडतात. दर आठवड्याला एक नवा भाग यायचा. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळत जाणार. मामांना ती गाठता येईनात, म्हणून कन्या वाचून मराठीत सांगू लागली. नायकाचं जपानी नावही मामांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचा 'बाबलो' झाला आणि त्याच्या बापाचा नुसता 'म्हातारो'.

मी मुलुंडला राहतो. त्या श्रावणात मी दर गुरुवारी दुपारी भांडुपला जाऊ लागलो. सांगायला कारण मामीच्या अळूवड्यांचं होतं, पण खरं पाहायचं होतं ते मामांना. बाबलो जेवायला बसला की मामा खुश. बाबलो पावसात भिजला की मामा मामीला आलं घालून चहा करायला सांगत, आणि तो स्वतः पीत. बाबल्याला नेम धरून कुणी झाडावर बसलं, की मामा सोफ्याच्या पाठीवर चढत. "मेल्या, वर बघ! वर! झाडार आसा तो!" बाबलो वर बघे. मामा माझ्याकडे पाहून मान हलवत. दशावतारातल्या अनुभवानंतर त्यांना आपल्या आवाजावर विश्वास होताच.

कन्या या मालिकेच्या चाहत्यांच्या एका ऑनलाइन गटात होती. तिथे देशभरची मुलं प्रत्येक भागावर प्रतिक्रिया लिहीत. मी काही वाचल्या. 'अस्तित्वाच्या पेचातून नायकाचे होणारे आंतरिक रूपांतर' वगैरे. छत्री हे कशाकशाचं प्रतीक आहे यावर दोन गट पडले होते आणि एकमेकांना अडाणी म्हणत होते. तिने गंमत म्हणून एकदा लिहिलं, 'माझ्या पप्पांचं म्हणणं, पोराने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.' त्यावर गट थक्क झाला, कारण ते खरंच होतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून 'पप्पा काय म्हणाले?' अशी विचारणा होऊ लागली. मामांना हे कळल्यावर त्यांनी तो गट म्हणजे सोसायटीची सभाच धरली. "लिव गो," ते सांगत. "म्हाताऱ्याक समजवण्यासाठी दोन बरी माणसा पाठवावीत. कोण अनुमोदन देता बघ." अनुमोदन भरपूर मिळे.

पण म्हाताऱ्यावर, म्हणजे बाबल्याच्या बापावर, मामांचा फारच राग. "पोराक नको आसा, तर कित्याक जबरदस्ती? घराण्याचो धंदो म्हणान काय झालां? पोराचां त्वांड बघल्यावर कळना नाय बापाशीक?" हे सगळं ते मोठ्याने, हातवारे करत, आपल्या मुलीकडे वळून विचारत. ती खाली बघून पुढची ओळ वाचे. मामी अळूवडीचा उंडा कापता कापता थांबे आणि माझ्याकडे पाही. मी पुस्तकं बरीच वाचली आहेत, पण एखादा माणूस स्वतःच्याच विरुद्ध इतक्या पोटतिडकीने वकिली करतोय, आणि त्याला ते ठाऊकच नाही, असा प्रसंग मी कुठल्याही पानावर पाहिला नव्हता.

शेवटून दुसरा भाग फार वाईट ठिकाणी संपला. बाबलो एका झुलत्या पुलावर उभा, दोन्ही टोकांना बापाची माणसं, आणि समोरून खुद्द बाप सुरी घेऊन चालत येतोय. पडदा काळा. पुढचा भाग पुढच्या गुरुवारी. मामा काही वेळ त्या काळ्या पडद्याशीच बोलत राहिले. मग उठले, हातपाय धुतले, टोपी घातली आणि मामीला म्हणाले, "नारळ दी."

आमच्या तळकोकणात माणसाचं काही अडलं, की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मोठ्याने सगळी हकिगत सांगायची, मागणं मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोऱ्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. मी म्हटलं, "मामा, आपल्या ग्रामदेवाची हद्द जपानपर्यंत आहे का?" मामांनी माझी कीव केली. "अरे, तो देव आसा. वॉर्ड ऑफिस नाय."

मग गावाच्या दिशेला, म्हणजे गॅलरीकडे तोंड करून मामांनी नारळ ठेवला. तिथे ती सुटलेली कोंबडी मान वाकडी करून पाहत होती.

"बा देवा म्हाराजा! हयसून लांब जपानात एक पोर अडकलो आसा."

"व्हय म्हाराजा!" मामी आणि मी.

"तेच्या मनात नसताना घरच्यांनी तेच्या हातात सुरी दिलेली आसा. तेका ह्या धंद्यातना सोडव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या बापाशीक बुद्धी दी! तसां झाला, तर गणपती झाल्यावर तुका कोंबो देतलंय!"

मामी आणि मी म्हणालो, पण तिघांत एक गप्प राहिला तर ऐकू येतंच. मामा वळले. "बाय, व्हय म्हाराजा म्हण."

कन्या म्हणाली, "पप्पा, ज्याला मारायचं नाहीये, तो सुटावा म्हणून कोंबडा मारायचा?"

मामा गोंधळले. नवस बोलताना कोंबडा हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप आला होता, जसा गेल्या कित्येक पिढ्या येत होता. "देवाक बोललंय आता," ते पुटपुटले.

"आणि कापणार कोण तो?"

"कोण म्हणजे? गणपतीनंतर सुरी तुझ्याकडेच मां? पयलो मान तुझो!" हे त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं. तिला आणखी एक शाल घालावी तसं. ती उठली आणि आत गेली. मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, "हिका काय झालां? बाबल्याचां टेन्शन घेतल्यान वाटता."

पुढच्या गुरुवारपर्यंत त्या घरात कुणी धड जेवलं नाही, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. कन्येला मुलुंडच्या दुकानाचा निरोप आला होता, येणार की नाही ते कळवा. तिने मला फोनवर विचारलं, "तू सांगशील का पप्पांना?" मी म्हटलं, सांगतो. आणि गुरुवारी मी मुद्दाम लवकर गेलो, पण मामा टीव्हीसमोर आधीच मांडी घालून बसले होते. हातात नुसती जपमाळ यायची बाकी होती. म्हणाले, "बोलू नको काय. आधी पोराचां काय होता तां बघू दी."

भाग सुरू झाला. पुलावर वारा. बाप जवळ येतो आणि खानदानी सुरी मुलासमोर धरतो. घे, नाहीतर माझ्यावर वार कर. मुलगा सुरी घेत नाही. तो बोलू लागतो, आणि कन्या वाचू लागली.

"बाबा, मला हे जमणार नाही. मी प्रयत्न केला. माझा हात उठत नाही."

मामा पुढे सरकले. "बोल, बोल. सगळां सांग तेका."

"मला तुमचा राग नाही. तुम्ही मला जे दिलंत ते तुमच्याकडचं सगळ्यात मोठं होतं, हे मला कळतं. म्हणून तर इतके दिवस बोलता आलं नाही."

पडद्यावर मुलाचं तोंड मिटलं. आता नुसता वारा होता, पूल हलत होता, खाली एकही अक्षर नव्हतं. भाषांतर मात्र चालूच राहिलं.

"तुम्ही पाटीवर माझ्यासाठी दोन शब्द लिहिलेत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खूप छान वाटलं, पप्पा. पण मला चष्मे बनवायचेत. मुलुंडला. ते बोलावतायत मला."

मामांची नजर पडद्यावर होती. ती हळूहळू मुलीकडे आली, परत पडद्याकडे गेली. "ह्या पण थयच लिवलेला आसा?"

"नाही. हे माझं."

मामी पदराला हात पुसत दारात उभी राहिली. पुढे पुलावर बरंच काही घडलं, पण ते पाहिलं फक्त मी. बापाने सुरी नदीत टाकली नाही, मिठीही मारली नाही. पाऊस आला तेव्हा त्याने पाठीवरची आपली मोडकी छत्री काढली. मुलाने ती हातात घेतली, तिथेच बसून काडी बसवून दिली. बाप ती डोक्यावर धरून आल्या वाटेने परत चालू लागला आणि त्याची माणसं बाजूला झाली. बस्स. मी म्हटलं, "मामा, सुटला बाबलो."

"सुटलो?" मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरचा पेपर हलला. डोळे पुसले. मग आपल्या तळहातांकडे पाहत हळूच म्हणाले, "माका खंय कोणी इचारल्यान? गिरण बंद झाली, सुरी दिली हातात. माका वाटलां, असांच देवचां असता."

मग ते उठले, पुन्हा टोपी घातली. "नारळ दी गो. चुकलेलां गाऱ्हाणां नीट करूक होया."

"बा देवा म्हाराजा! पोर सुटलो, तुझो उपकार! पण कोंबो बोललंय तो चुकान बोललंय. तो नारळावर भागवून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हयसर भांडुपात एक चेडू आसा. तेका मुलुंडाक चष्म्याच्या दुकानात यश दी! आड येणारो बापूस आसलो, तर तेका बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे कन्या इतक्या जोरात म्हणाली, की गॅलरीतली कोंबडी कुंडीवर उडून बसली आणि खालच्या मजल्यावरून निरोप आला. मामी रडत रडत हसत होती. मालिका संपल्यामुळे पुढचे गुरुवार रिकामे जाणार, याचंही मला वाईट वाटलं नाही. सांगण्याची कामगिरी अंगावरून गेली, याचा आनंद त्याहून मोठा होता. चाहत्यांच्या गटात शेवटच्या भागावर तुंबळ चर्चा चालू होती. सुरी नदीत का टाकली नाही, यावर एकाने निबंध लिहिला होता. रात्री मामांना तो शेवट पुन्हा लावून दाखवल्यावर कन्येने फक्त कळवलं, 'पप्पा म्हणाले, छत्री बरी दुरुस्त केल्यान.'

गणपतीनंतर ती मुलुंडला जाऊ लागली. मी पाटीचं विचारलं, तर मामा म्हणाले, "ऱ्हवां दी. कन्या आसाच मां माझी? दुकानात नाय, इतकांच." त्यामुळे पाटी तशीच आहे. नवी गिऱ्हाइकं विचारतात, "कन्या कुठे असते?" आणि मामा अभिमानाने नाकावरचा चष्मा काढून दाखवतात. तो तिनेच बनवून दिलाय. त्याने त्यांना इंग्रजी अक्षरं स्पष्ट दिसतात, वाचायला मात्र अजून वेळ लागतो.

परवा सोमवारी, दुकान बंद असल्याच्या दिवशी, मी गेलो तर मामा एकटेच टीव्हीसमोर बसले होते. बाबल्याची मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावली होती, आवाज बंद करून. पडद्यावर तो कोवळा पोरगा पहिल्यांदाच सुरी हातात घेऊन उभा होता. आजूबाजूला घरची माणसं, आणि कुणीही त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. मामा पाहत होते. गॅलरीतली कोंबडी त्यांच्या पायाशी येऊन बसली होती. मी शेजारी बसलो, तेव्हा माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं, "ह्या खेपेक पण सुटतलो मां रे?"

"सुटेल, मामा," मी म्हटलं.